प्रेताचा हात

"बांगड्या काढायच्या न्हाईत," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेचं मनगट धरून बांधावरच बसल्या.

निरवांगीत शूटिंग चाललं होतं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आमच्या डिटेक्टिव्ह मालिकेचा तो सगळ्यात काळा एपिसोड. नव्या नवरीचा खून, प्रेत उसात. प्रेत झालेली रूपाली गावातलीच, या सासूबाईंची सून. टीव्हीवर यायची तिची पहिलीच वेळ. मी मेकअपवाली.

डायरेक्टर वैतागला. "क्लोजअपला मनगट मोकळं हवं. खुन्याने बांगड्या फोडल्यात. नसेल जमत तर बारामतीहून दुसरी मुलगी आणा."

रूपालीचे डोळे भरले. सासूबाईंनी मनगट सोडलं नाही.

"मेल्याचं सोंग घेऊ दे तिला, आमची ना न्हाय. पर नवरा जित्ता आसताना हात मोकळा?"

मी तेव्हा पंचेचाळिशीची. बॉबकट, गॉगल आणि अक्कल तर नुसती उतू जात होती. मी लगेच लेक्चर झोडलं. "मावशी, काचेचा आणि माणसाच्या आयुष्याचा काय संबंध?"

"मंग तुजा हात दे की, बाय."

आमच्यात याला डुप्लिकेट म्हणतात. चेहरा एकीचा, हात दुसरीचा. डायरेक्टर खूश. आली का पंचाईत! नणंदेच्या लग्नात भरलेला हिरवा चुडा माझ्या हातात, आणि अंग सुटल्यामुळे तो साबण लावूनही निघेना. वाढवावाच लागणार. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही ना, वाढली म्हणतो. मी गॉगलवालीही तसंच म्हणाले.

दगड उचलला. हात हलेना. मावशी बघत होत्या, म्हणून मारला.

मनगटाला रंग लावला, भोवती काचा मांडल्या आणि उसात पालथी पडले.

"ताई, प्रेत थरथरतंय!" कॅमेरामन ओरडला. टेकवर टेक वाया गेले.

शॉट संपताच ह्यांना फोन लावला. हे एसटीत ड्रायव्हर. फोन बंद. पुन्हा लावला, बंद. रूपालीला प्रेतकळा आणता आणता माझ्या डोळ्यांपुढून हायवेवरचे सगळे उसाचे ट्रॅक्टर गेले, एकालाही मागे दिवा नाही. शेवटी जिला शिकवलं होतं, तिच्याच पुढ्यात जाऊन बसले.

"मावशी, लागत नाही हो."

मावशी हसल्या नाहीत. घरी जाऊन बांगड्या घेऊन आल्या आणि माझ्या हातात भरल्या. "आता लाव."

तरी लागला नाही.

उन्हं उतरल्यावर ह्यांचाच फोन आला. "अगं, चार्जिंग संपलं होतं. एवढे फोन? कोण मेलंय का काय?"

मी उसाच्या कडेला भोकाड पसरलं. मावशी म्हणाल्या, "बोलला न्हवं? मंग तोंड धू. तुजा रंग उतरलाय."

एपिसोड लागला. रूपाली गावात स्टार झाली. आणि सासूबाई म्हणे टीव्हीला बोट लावून घरोघर सांगत होत्या, "त्यो हात आमचा न्हाय बरं का."

हे आता सत्तरीला आलेत, आत्ता शेजारीच घोरतायत. नव्या मेकअपवाल्या पोरी सल्ला मागतात, तेव्हा मी एवढंच सांगते. प्रेताला हात उसना द्यायचा असेल, तर आधी नवऱ्याचा फोन चार्जिंगला लावा.