पॅन्ट्रीतल्या आपा आणि माझा शून्याचा तक्ता

शेजारच्या जमिनीवर दोनदा तळहात आपटून त्या म्हणायच्या, "बस गो बाय. प्रश्न काय पळून जातायत?"

बाय! मला! शारजातल्या एका विद्यापीठात मी ग्रामविकास विभागाची प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर होते, गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. आणि त्या आमच्या पॅन्ट्रीत चहा करायच्या. सगळे त्यांना आपा म्हणत. मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या. इथे एका अरबी घरात वीस वर्षं मुलं सांभाळली, ती मोठी झाली तेव्हा आमच्याकडे आल्या. अजमानहून रोज ट्रॅफिकमध्ये अडकत यायच्या, तरी माझ्याआधी हजर. तुम्हाला सांगून ठेवते, त्या दिवसांतली मी भयंकर शहाणी होते.

आमचं विद्यापीठ, युरोपातलं एक आणि महाराष्ट्रातलं एक, असा तिघांचा करार झाला होता. एकमेकांच्या खेड्यांत जायचं आणि बायका शेतीत काय काम करतात ते बघायचं. पहिली पाळी आमची. फुजैराच्या डोंगरातलं एक खजुरांचं गाव ठरलं. इथलं काम पाहुण्यांना पटलं, तर पुढे कोकणचा दौरा. नाही पटलं, तर खलास.

तिथल्या घरांत बायकांच्या खोलीत पुरुष संशोधकांना जाता येत नव्हतं. माझं अरबी 'यल्ला'ला सुरू होऊन 'इन्शाल्ला'ला संपायचं. म्हणून आपांना दुभाषी म्हणून घेतलं. "शब्दाला शब्द सांगायचा, मनाचं काही नाही," मी बजावलं.

"बरं गो बाय."

पहिल्याच घरी गहवा आला, वेलची घातलेली कडू कॉफी, इवल्याशा कपात. कप रिकामा करणं म्हणजे सभ्यपणा, अशी माझी समजूत. मी रिकामा करायची, यजमानीण भरायची. नवव्या कपाला माझ्या छातीत ढोल वाजायला लागले, तेव्हा आपा कुजबुजल्या, "कप हलव गो, हलव! हलवल्याशिवाय ती थांबायची नाही."

मग मी प्रश्नावली काढली. "तुम्ही शेतीत काम करता का?" यजमानीण म्हणाली, नाही. दुसऱ्या घरीही नाही. सोळा घरं, सोळा नकार. मी खूश! बायकांचा शेतीतला सहभाग: शून्य. इतका स्वच्छ तक्ता माझ्या हातून कधी झाला नव्हता.

परतताना गाडीत आपा म्हणाल्या, "त्या खोटं नाही बोलल्या. तू विचारलंस चुकीचं."

"ही प्रश्नावली तीन देशांच्या प्राध्यापकांनी मंजूर केलीय, आपा."

"त्यांतल्या कुणी बकरी पाळलीय?"

मी शारजा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

पुढचे तीन शुक्रवार, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, आपा ड्रायव्हरला पटवून पुन्हा त्या गावात गेल्या. मला पत्ता नाही. मी तक्त्याला रंग भरत होते.

पाहुणे आले. मी ऐटीत तक्ता पडद्यावर लावला. युरोपातल्या प्राध्यापकबाई उठून पडद्यापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "शून्य? मग या गावात बकऱ्यांना चारा कोण घालतं?"

मी घाईघाईने तक्ता मोठा केला. शून्य तेवढं मोठं झालं. आमचे विभागप्रमुख छताकडे बघू लागले. कोकणचा दौरा माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता.

तेवढ्यात आपा चहा घेऊन आल्या. एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "धर गो जरा," म्हणत ट्रे माझ्या हातात दिला आणि माझ्याच खुर्चीवर बसल्या. ओढणीखालून शाळेची एक वही निघाली.

त्या हिंदीत बोलत होत्या, विभागप्रमुख इंग्रजीत सांगत होते. पहाटे दूध कोण काढतं. खजूर कोण निवडतं. पाटाच्या पाण्याची पाळी कुणाच्या लक्षात असते. पुढच्या वर्षीचं बी कोण बाजूला काढतं. सोळाही बायकांचा एकेक दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत.

"मी एवढंच विचारलं, आज उठल्यापासून काय काय केलंस?" आपा म्हणाल्या. "ह्याला त्या काम म्हणत नाहीत. आमच्याकडेही नाही म्हणत. भात लावून कंबर मोडलेली बाई सांगते, मी घरीच असते."

चाळीस मिनिटं त्या बोलल्या. चाळीस मिनिटं मी चहा वाटला. एकाने साखर कमी असल्याचं सुचवलंसुद्धा.

शेवटी प्राध्यापकबाई उभ्या राहिल्या. दौरा पक्का, पण ही बाई बरोबर हवी. ऑफिसने लगेच नियम दाखवला: दौऱ्यावर फक्त संशोधक जातात, पॅन्ट्रीतली माणसं नाहीत. त्या दिवशी मी आयुष्यातलं एक बरं काम केलं. अहवालावर पहिलं नाव माझं होतं, ते खाली नेलं आणि वर आपांचं घातलं. त्यांच्या दौऱ्याच्या अर्जात हुद्द्यापुढे लिहिलं, संशोधक.

"खोटं नको लिहू गो."

"खोटं आधी लिहिलं होतं, आपा. शून्य."

अर्ज तीनदा परत आला. तीनदा मी तोच पाठवला. चौथ्यांदा सही झाली. माझी नात विचारते, "आजी, वॉज शी युअर असिस्टंट?" मी म्हणते, नाही गं बाळा, मी तिची.

कोकणात आपांच्याच गावी सभा होती. सरपंचांनी परदेशी पाहुण्यांना एकेक गुच्छ दिला. आपांपाशी आल्यावर ते अदबीने म्हणाले, "मॅडम, आपण कुठल्या देशाच्या?"

"मी? खालच्या मोहल्ल्यातली."

मागे बसलेल्या बायकांनी असा कल्ला केला, की माइकवाल्याने घाबरून आवाजच बंद केला. सभा कसली? आपा स्टेजवरून उतरून त्यांच्यात जाऊन बसल्या. तीन देशांचे प्राध्यापक वह्या घेऊन त्यांच्या मागे सतरंजीवर.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठाने किनाऱ्यावरच्या गावांचं सगळं काम त्यांच्याकडे सोपवलं. त्या तिथेच राहिल्या. परतीच्या विमानात माझ्या शेजारची खिडकीची सीट रिकामी होती. हवाईसुंदरीने विचारलं, "इथल्या मॅडम?"

"त्या कामावर आहेत," मी म्हटलं, खिडकीशी सरकले, आणि त्यांच्या वाटचं जेवण मागून घेतलं.