आरतीला चढ हवा होता

संगीताचं ते सॉफ्टवेअर टॅबवर घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी दोन याद्या केल्या. एक मला काय येत नाही याची, दुसरी त्याला काय येत नाही याची. माझी यादी महिन्याभरात संपली. त्याच्या यादीत मात्र एक ओळ उरली: लय हळूहळू वाढवणे.

आम्ही गोव्यातल्या पेडण्याच्या नऊ बायका चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, घुमट आरती करतो. पाच घुमटं, म्हणजे तोंडाला चामडं ताणलेली मडकी, एक काठ्यांनी वाजवायचा शामेळ, बाकी कांसाळी, म्हणजे झांजा. आमच्यातली एकही लहानपणी हे शिकलेली नाही, कारण तेव्हा घुमट पुरुषांच्या हातात असायचं आणि आम्ही गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून ऐकायचो. आरती कशी वाजते ते कानाला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. म्हणून हे सॉफ्टवेअर. चौकटींत बोल भरायचे, ते वाजवून दाखवतं, हवं तितक्या वेळा, न कंटाळता. फुकट आहे. दूर परदेशात राहणारा एक माणूस आपली नोकरी सांभाळून ते तयार करतो.

बोल माझ्या बाबांचे. बाबा लाटंबार्श्याला असतात. खाणी चालू होत्या तोवर ते डिचोलीकडे खनिजाचा ट्रक चालवायचे आणि चवथीत वाड्यावरची आरती त्यांच्या घुमटावर चालायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. वाचा शाबूत राहिली, चालणंही, पण उजवा हात गेल्यासारखा झाला. घुमटाच्या चामड्यावर उजवा हात पडतो, डावा मागचं लहान तोंड उघडतो आणि झाकतो. बाबांकडे आता फक्त उघडझाक उरली होती.

रविवारी सकाळी स्कूटरने लाटंबार्श्याला जायचं, वाटेत पोदेराच्या भट्टीवरून गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचे, चहाबरोबर बाबांकडून बोल उतरवायचे आणि संध्याकाळी परत. असं करून सगळी आरती चौकटींत भरली आणि मोठ्या ऐटीत त्यांना ऐकवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"ह्या पायरे पायरेन चढता गे बाय," ते म्हणाले.

खरं होतं. आमची आरती संथ सुरू होते आणि शेवटी हात दिसेनासे होतात, पण वाढली कुठे ते सांगता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये लय बदलायची तर दर फेरीला नवा आकडा घालावा लागे आणि फेरी बदलली की धक्का बसे. आमच्या बायका नेमक्या त्या धक्क्यावर अडखळायच्या. माझं म्हणणं होतं की पायऱ्या लहान करू. केल्या. बाबांनी पुन्हा मान हलवली.

"भरलेलो ट्रक खाणीतसून वर काढताना गियर कधी बदललो ता कोणाक कळता नये. हेच्यात दर खेपेक कळता."

"मग तुम्ही तोंडी सांगा, मी लिहून घेते."

"सांगान येणा नाय ता. हातान दाखवचा लागता." आणि त्यांनी उजव्या हाताकडे बघितलं. मी उंडे मोडायला घेतले.

बाबांना दुसऱ्या कशाची फिकीर नव्हती. औषधं वेळेवर घेत, कोणाला त्रास देत नसत. फक्त हा चढ आपल्याबरोबर जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते तसं बोलले नाहीत, पण दर रविवारी मी पोचायच्या आधीच ते शेजाऱ्यांकडून टॅबसाठी चार्जर मागून ठेवू लागले होते.

सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवर एक पान होतं. वापरणाऱ्यांनी आपल्या अडचणी तिथे मांडायच्या, ज्यांना ती सुधारणा हवी त्यांनी जमेल तेवढे पैसे बोलायचे, आणि पुरेसा पाठिंबा जमला की तो माणूस सुट्टी काढून ते काम करायचा. मुदतीत नाही जमला तर कोणाचेच पैसे कापले जात नाहीत. पूर्ण झालेल्या कामांपुढे हिरवी खूण. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. इतकं नीटनेटकं रजिस्टर मी आमच्याकडे पाहिलेलं नाही. मी आमची मागणी मांडली आणि आमच्या नऊ जणींच्या मंडळात वर्गणी काढली.

चूक केली ती इथे. आपल्याकडे देवळाच्या कामाला किंवा उत्सवाला मंडळ देतं तेव्हा सगळ्यांचे मिळून देतं आणि पावती एक येते, मंडळाच्या नावाने. मीही तेच केलं. नऊ जणींचे गोळा केले, मंडळाच्या नावाने एकदाच भरले. लागणारी रक्कम जवळजवळ भरली होती. मी वहीत खूण करून मोकळी झाले.

तीन आठवड्यांनी त्या माणसाचं पत्र आलं. अगदी नम्र होतं. रक्कम ठीक आहे, पण ही सुधारणा फक्त एकाच व्यक्तीला हवी आहे असं दिसतं. निदान पंचवीस जणांना हवी असल्याशिवाय मी काम घेत नाही, नाहीतर ज्याच्याकडे पैसे त्याचंच काम होईल. हा नियम पानाच्या वरच लिहिलेला होता. मी तो वाचलाही होता. पण आम्ही नऊ आहोत हे मला इतकं ठाऊक होतं की ते त्यालाही ठाऊक असणार असं मी धरून चालले. मुदतीला बारा दिवस उरले होते.

मंडळाचे पैसे मागे घेतले आणि शनिवारी दुपारी सगळ्यांना फोन घेऊन घरी बोलावलं. चौघींना ईमेल नव्हतं. ते उघडणं, पासवर्ड ठरवणं, तो वहीत लिहिणं, प्रत्येकीच्या नावाने वेगळी नोंद, हे सगळं करता करता चहा दोनदा झाला. कांसाळी वाजवणारी शेजारची वहिनी नवऱ्याला जेवायला वाढून सगळ्यांत शेवटी आली.

"उशीर का?" मी विचारलं.

"घोव इचारत होतो, परदेशातल्या माणसाक पैसे कित्याक दितंस? म्हटलंय, तुमका जमता तर तुमीच करून दिया. मग गप जेवलो."

"तुझं स्पेलिंग सांग."

"तूच घाल काय ता. लग्नाच्या पत्रिकेर पण चुकला होता."

संध्याकाळी आम्ही नऊ झालो. सोळा कमी. पेडण्यात आणखी सोळा नावं मिळवणं मला अवघड नव्हतं, कचेरीत अर्ज घेऊन येणाऱ्यांकडूनही मिळाली असती. पण ज्यांना घुमटाशी घेणंदेणं नाही त्यांची नावं घालणं म्हणजे खोटी हजेरी. त्यापेक्षा मी दुसऱ्या दिवशी बाबांसमोर फोन ठेवला आणि म्हटलं, आरती तोंडाने म्हणा, बोलांसकट, शेवटपर्यंत.

ते सोप्यावर बसले होते. डाव्या हाताने मांडीवर ताल धरला आणि सुरू झाले. मधे एकदा श्वास तुटला, थांबले, पण लय तिथूनच पुढे उचलली. ते ध्वनिमुद्रण मी जसंच्या तसं त्या पानावर टाकलं आणि खाली चार ओळी लिहिल्या: हे माझे वडील, यांचा हात आता चालत नाही, असा चढ आम्हाला शिकायचा आहे, तुमचं यंत्र पायऱ्यांनी चढतं.

मग माणसं येऊ लागली. कुठल्याशा थंड देशात गावच्या नाचाला ॲकॉर्डियन वाजवणाऱ्या एका बाईने लिहिलं की आमचा नाचही असाच चढतो आणि आमच्या मुलीही पायरीवरच अडखळतात. इतकी वर्षं आपल्यालाच शिकवता येत नाही असं वाटत होतं. तिच्या मागून तिच्या ओळखीचे पाच आले. ढोल शिकवणारा एक आला. रोज एकदोन नावं वाढत होती आणि मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत आकडा बघत होते. एकाने लिहिलं होतं, "मी फक्त पियानो वाजवतो, मला याचा काही उपयोग नाही. पण हे गृहस्थ ऐकले, म्हणून." पुढे काही नाही. त्या "म्हणून"साठी त्या माणसाचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी पंचविसावं नाव आलं.

चवथीला सहा आठवडे असताना नवी आवृत्ती आली. सुरुवातीची लय द्यायची, शेवटची द्यायची, मधलं ते आपोआप वाढवत नेतं. धक्का नाही. बाबांनी ती दोनदा लावायला सांगितली.

"आता सरळ रस्तो झालो," ते म्हणाले. "बरो आसा. पण घाट खंय?"

मला वाईट वाटलं नाही असं नाही. इतक्या लोकांनी पैसे दिलेले, त्या माणसाने सुट्टी खर्च केलेली, आणि वर पुन्हा तक्रार कशी करायची? तरी बाबांचं वाक्य मी शब्दशः कळवलं, सोबत खाण आणि ट्रक समजावून सांगितला. उत्तर लगेच आलं: तुमचे वडील बरोबर आहेत, मीही सरळ रेषेचाच विचार केला होता. दहा दिवसांनी त्याने पैसे न मागता दुसरी दुरुस्ती पाठवली. पडद्यावर एक रेघ येते. ती बोटाने ओढायची, हवी तिथे वाकवायची, आणि लय तिच्या चढाउताराने चालते.

त्या रविवारी मी टॅब बाबांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताच्या तर्जनीने त्यांनी रेघ ओढली, ऐकली, पुसली. पुन्हा ओढली. सुरुवातीला बराच वेळ जवळजवळ सपाट, मग जेमतेम दिसेल असा उतार, आणि त्यानंतर चढ. मला तो उतार चुकून आला असं वाटलं.

"इथे खाली आलंय, बाबा."

"येवकच होया. चढाच्या आदी गाडी जरा दम घेता." त्यांनी बोट उचललं. "आता वाजय."

वाजली ती तीच आरती. लहानपणी माटोळीखाली बसून ऐकलेली. मी ती रेघ तीन ठिकाणी जतन केली. उंडे थंड झाले होते, तसेच खाल्ले.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नऊ जणी छोटा टेंपो करून लाटंबार्श्याला गेलो. बाबा खुर्चीत, गणपतीच्या अगदी जवळ. आम्ही आता टॅबशिवाय वाजवत होतो. अर्ध्यावर तो उतार आला, कोणी कोणाकडे बघितलं नाही, दम घेतला आणि निघालो. शेवटी वहिनीच्या कांसाळ्याचा दोरा तुटला, तरी ती एका हाताने मांडीवर मारत राहिली.

आरतीनंतर गाऱ्हाणं बाबांनी घातलं. मी पंचवीस नावांची यादी छापून नेली होती. त्यांतली अर्धी टोपणनावं, वाचताच न येणारी. बाबांनी कागद हातात घेतला, चष्म्यासाठी खिसा चाचपला, आणि मग तो तसाच गणपतीसमोर ठेवला.

"बा देवा गणराया महाराजा, जेणी कोणी खंयच्या खंय बसान आमच्या ह्या आरतेक हातभार लावलो, तेंची घरां आमका ठावक नाय, तोंडां ठावक नाय. तरी तेंका सगळ्यांका सुखी ठेव रे महाराजा."

"होय महाराजा," आम्ही म्हटलं.

प्रसाद घेताना मी त्यांना विचारलं, "गियर?"

"कळलो नाय," ते म्हणाले आणि आणखी एक नेवरी मागितली.

त्या पानावर मी अजून रोज जाते. गेल्या महिन्यात तिथे एक मागणी आली आहे: पियानोच्या पट्ट्या आणि अक्षरं मोठी दिसावीत, नजर कमी झालेल्यांसाठी. मांडणारा तो पियानोवालाच आहे की दुसरा कोणी, ते कळायला मार्ग नाही. आमच्यात पियानो कोणी वाजवत नाही. मी मंडळात यादी फिरवली. या वेळी त्या चौघींपैकी दोघींना ईमेलचा पासवर्ड आठवत होता, बाकी दोघींचा माझ्या वहीत होता. शनिवारी दुपारी नऊ नावं वेगवेगळी घातली, आणि दहावं बाबांचं, त्यांनी स्वतः, डाव्या हाताने.