सेलवरचा निगोद

जालन्यात आमचं बियाण्याचं दुकान. घरात मारवाडी, गल्ल्यावर मराठी. कॉलेज सुटलं तसं वडिलांनी मला दुकानात बसवलं. तिथं माझा जीव रमेना. मंग नव्वदच्या दशकात कधीतरी एक जुना कीबोर्ड घेतला, बियाणं चाळायच्या मशीनची घरघर टेप केली, अन् बरेच दिवस खपून एक कॅसेट तयार केली. नाव ठेवलं ‘निगोद’.

निगोद म्हणजे आम्हा जैनांत जीवाची सगळ्यात खालची अवस्था. डोळे न्हाईत, कान न्हाईत. एकाच शरीरात अनंत जीव कोंबलेले, श्वासभरात कैकदा जन्मायचं अन् मरायचं. लहानपणी बाई, म्हणजे माझी आई, हे सांगायची तेव्हा मी तिच्या पदरात तोंड खुपसायचो. कॅसेटमधी तेच होतं: अंधारा, संथ, झोपेत ऐकू येतो तसा आवाज. मित्र म्हणाला, “भुताचा पिक्चर काढून राह्यला का?” वडील म्हणाले, “ह्याला गिऱ्हाईक कोण?” म्हटलं, जाऊ द्या. मला फक्त बाईचं ‘चांगलं केलं’ पाहिजे होतं.

ती रोज दुपारी सामायिकाला, म्हणजे घडीभराच्या ध्यानाला बसायची. तोंडाला मुहपत्तीचं फडकं, समोर वाळूची घडी, म्हणजे वाळूचं घड्याळ. वाळू संपेस्तोवर आसन सोडायचं न्हाई. दिवा न्हाई, पंखा न्हाई, कारण विजेत अग्नीचे जीव, त्यांची हिंसा नको. हे मला बराबर ठाऊक होतं. म्हणून मी डोकं चालवलं. टेपची वायर काढली, सेल टाकले अन् तिच्या मागं कॅसेट लावली. ध्यानाला धर्माचंच संगीत, अजून काय पाहिजे?

तिनं नुसता हात हलवला. मी टेप बंद केला. वाळू संपल्यावर म्हणाली, “सेलात वीज न्हाई तर काय पाणी भरतात का?” अन् प्रायश्चित्त म्हणून घडी उलटी करून परत बसली. मला लाज वाटली, तिचा रागही आला.

उठल्यावर तिनं मूग निवडायला घेतले. म्हणाली, “लाव आता. धर्माचं म्हणून न्हाई, तुझं म्हणून ऐकते.” कॅसेटच्या दोन्ही बाजू तिनं ऐकल्या. मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो. टेप थांबला तसं तिनं विचारलं, “दुकानात बसल्यापासून असंच वाटतं का तुला?”

मला रडूच आलं.

कॅसेट चांगली का वाईट, ते तिनं कधीच सांगितलं न्हाई. दिवस मावळायच्या आधी वडील जेवायला आले, तेव्हा ताट वाढता वाढता म्हणाली, “उद्यापासून पोरगा दुकानात येणार न्हाई.”