सुजेतलं आंबट

माय मला सोडायला सेलूच्या स्टेशनवर आली तेव्हा तिचा घोटा सुजलेला होता. वर चुना-गुळाचा लेप, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी. चारठाण्याहून जीपमध्ये दाटीवाटीनं, तो पाय सांभाळत आली होती. जर्मनीला न्यायच्या माझ्या पिशवीत कैरीचं लोणचं होतं, पण ती स्वतः बोटालाही लावत नव्हती. "सूज हाय तवर आंबट न्हाई खायचं. पू धरतो," ती म्हणाली. आमच्याकडे हे सगळेच पाळतात. काटा मोडला, गळू आलं, की चिंच, दही, आंबट चुका बंद. मी हसले. तेव्हा मला सगळंच कळतं असं वाटायचं.

आणि इथं आल्यावर काम मिळालं ते नेमकं आंबटाचंच. सुजलेल्या जागी पेशी एवढ्या राबतात की त्यांना प्राणवायू पुरत नाही, आम्ल साठतं आणि ती जागा खरोखरच आंबट होते. त्या आंबटात रोगाशी लढणाऱ्या पेशी कशा वागतात, हे मी लॅबमध्ये बघते. काही चवताळतात, काही सुस्तावतात. पीएच जरा हलला की तीच पेशी उलटी वागते. चार वर्षं झाली, पण ते आंबट तारक की मारक हे मला अजून धड सांगता येत नाही. सर विचारतात तेव्हा मी आलेख पुढे करते.

मायला मात्र मी पहिल्याच वर्षी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. "चिंच पोटात जाते, सुजेत जात नाही. आणि सुजेला एवढं काय घाबरायचं? अंगच काम करत असतं. करू द्यावं."

त्या हिवाळ्यात तुरीचा कापलेला खुंट तिच्या पायाच्या बोटात घुसला. बोट सुजलं. भाऊ दत्ता म्हणाला, दवाखान्यात चल. माय म्हणाली, "अंग काम करायलंय, मनली माझी लेक. ती त्याच्यातच शिकायलीय." आठ दिवस तिनं अंगाला काम करू दिलं. तिला शुगर आहे हे मला ठाऊक होतं, तरी फोनवर ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परभणीला नेलं तोवर बोट काळं पडलेलं. काढावं लागलं.

दत्तानं मला हे महिन्यानं कळवलं. मायनं कळवू दिलं नव्हतं, तिकडं लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून. मी लॅबच्या जिन्यात बसून रडले, मग वर जाऊन प्लेटा तपासल्या, कारण त्या पेशी कुणासाठी थांबत नाहीत. मी चूक बोलले, की बरोबर बोलून चूक केली, हे मला अजून कळत नाही. तुमच्यातले जे गाव सोडून गेले त्यांना हे ठाऊक असेल. आपण अर्धं शिकतो आणि घरचे ते पूर्ण धरून चालतात.

गेल्या उन्हाळ्यात घरी गेले. मायनं मला आंबट चुक्याची भाजी वाढली, स्वतःच्या ताटात पिठलं घेतलं. जखम तर केव्हाच भरली होती.

"आता का खात नाहीस?"

"न्हाई खाल्लं तर काय बिघडायलंय?"

मला वाटलं, हिचा माझ्यावरचा भरवसा उडाला. वाईट वाटलं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. ताट सरकवून तिनं दुसरा पाय माझ्यापुढे केला. "ह्या अंगठ्याला दोन दिसापासून सूज वाटायलीय. तूच सांग, काय करू?"

सगळं शिकलेलं तोंडापर्यंत आलं. "मला नाही माहीत, माय," मी म्हणाले. "ऊठ, आत्ताच सेलूच्या दवाखान्यात जाऊ."

"एवढं शिकून माहीत न्हाई?"

"न्हाई."

ती उठून चप्पल शोधू लागली.

अंगठा वाचला. पण घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की मी अजून गोंधळते. एवढंच सांगता येतं, की इथं माझं चुकलं तर प्लेट फेकून देता येते. तिथं माझं बोलणं माय पायावर घेते.