पहिल्या ओळीतलं 'प्लीज'

घरात त्याला सगळे मास्तर म्हणत, आणि तो होताही मास्तरच. एका कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवायचा. शिकवायला बरा, पण नोट्स अशा कोरड्या ठणठणीत लिहायचा की वाचणाऱ्यानं शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसावं. त्या नोट्सना जीव आला तो वहिनीमुळे.

वहिनी एका दवाखान्यात पेशंटच्या वेळा लिहून घ्यायची. त्याच दवाखान्याच्या मोठ्या ऑफिसात रेकॉर्डचं काम निघणार होतं, पण त्याला प्रोग्रॅमिंग येणारं माणूस हवं होतं. तिनं मनावर घेतलं. जेवणं उरकली की टेबलाशी बसायची आणि दिराला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. एकदा तिनं पाच आणि पाच अवतरणचिन्हांत लिहून बेरीज मागितली. अवतरणचिन्हांतला आकडा कॉम्प्युटरला नुसतं अक्षर वाटतं, त्यामुळे उत्तर आलं पंचावन्न.

"अहो भाऊजी, दोन माणसं शेजारी शेजारी उभी केली म्हणजे बेरीज झाली का?"

मास्तर पोट धरून हसला आणि त्यानं तो धडा तसाच्या तसा लिहिला. मग प्रत्येक धडा वहिनीच्या चुकीपासून सुरू व्हायला लागला. खाली एक चौकट. वाचणाऱ्यानं तिथल्या तिथे प्रोग्रॅम बदलायचा, चालवायचा, काय होतं ते बघायचं. हे सगळं त्यानं तिला विचारूनच इंटरनेटवर फुकट टाकलं. "टाका की. माझ्यासारख्या आणखी असतील," ती म्हणाली होती.

लोकांनी नोट्स डोक्यावर घेतल्या. 'आयुष्यात पहिल्यांदा कळलं.' 'वहिनींना सलाम.' मास्तर ब्रश तोंडात ठेवून प्रतिक्रिया वाचायचा. हळूहळू थट्टाही सुरू झाली. 'वहिनींपासून कॉम्प्युटर लांब ठेवा' असं कुणीतरी लिहिलं, आणि या पठ्ठ्यानं त्यावर हसरा चेहरा चिकटवला. थट्टा असते तिथे गर्दी जास्त जमते हे त्याच्या चांगलंच लक्षात आलं. पंचाईत एवढीच की वहिनी आता फारशा चुका करेनाशी झाली होती. शिकवणाऱ्यानं खरं तर पेढे वाटायचे अशा वेळी. मास्तरनं काय केलं, तर एक चूक स्वतःच रचली. वहिनींनी म्हणे प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत 'प्लीज' लिहिलं, कारण नीट विनंती केली की कॉम्प्युटर ऐकतो.

ती ओळ वाऱ्यासारखी पसरली. त्या ओळीचे फोटो ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरले आणि मास्तर हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसला.

वहिनी दवाखान्याच्या त्या कामाची मुलाखत देऊन आली तेव्हा तो दारातच होता. "कशी झाली?"

"कुठे शिकलात, विचारलं. मी तुमच्या नोट्सचं नाव सांगितलं, अगदी अभिमानानं." तिनं पर्स खुर्चीवर ठेवली. "साहेब हसले. म्हणाले, म्हणजे त्या प्लीजवाल्या वहिनी तुम्हीच का? त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईही हसल्या. पुढे कुणी काही विचारलंच नाही."

ती त्याच्याकडे वळली.

"भाऊजी, बाकीच्या चुका माझ्या आहेत. मी कधी नाही म्हटलं का? पण ही मी केव्हा केली?"

"तुम्ही नाही केलीत. मीच... लोक हसत होते, म्हणून." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "मी फोन करतो त्यांना. खरं काय ते सांगतो."

"काय सांगणार? वहिनी वाटते तेवढी वेडी नाही, असं?"

ती आत गेली. चार शब्द सुनावले असते तर त्याला सोसलं असतं. आपण कुणाला विकून टाळ्या घेतल्या हे आता त्याला लख्ख दिसत होतं, आणि स्वतःची किळस येत होती.

त्यानं तो धडा काढून टाकला. त्या जागी लिहिलं: ही चूक वहिनींची नाही, मी रचली होती, मला लाज वाटते. प्रतिक्रिया लगेच आल्या. 'वहिनी मागे उभ्या राहून लिहून घेताहेत वाटतं!' 'मास्तर, पहिल्या ओळीत प्लीज राहिलं की!' लोक पूर्वीइतकेच हसत होते. आपण शपथेवर सांगितलं तरी ते आता विनोदातच जमा होणार, हे त्याला कळून चुकलं.

दवाखान्याचं ऑफिस 'कळवतो' म्हणालं होतं. त्यांनी कळवलं नाही.

वहिनी अजूनही टेबलाशी बसते. परवा तिचा प्रोग्रॅम अडला होता. पाणी प्यायला आलेल्या मास्तरला लांबूनच दिसलं, एक कंस बंद करायचा राहिला होता.

"वहिनी, सांगू का?"

"नको," ती म्हणाली. काउंटरवर पेशंटशी बोलते तितक्याच गोड आवाजात. "तुम्हाला कामं असतील." आणि त्याला दिसणार नाही अशा बेतानं तिनं स्क्रीन वळवून घेतली.