तूच लिहून आण, मी सही करतो

पीएचडीच्या अर्जात सगळ्यात अवघड काय असतं, असं हल्ली मला ज्युनिअर पोरं फोन करून विचारतात. त्यांना वाटतं मी विषाणूशास्त्र म्हणेन, नाहीतर इंग्रजीची परीक्षा. मी सांगते, स्वतःचं कौतुक. तेही दुसऱ्याच्या आवाजात, दुसऱ्याच्या लेटरहेडवर आणि खाली दुसऱ्याची सही. हे जमलं की विषाणू काय, कोणीही करेल.

त्याचं असं असतं, की परदेशातल्या विद्यापीठांना तुमच्याबद्दल तीन मोठ्या माणसांची पत्रं लागतात. तुम्हाला जवळून ओळखणारी, तुमचं काम डोळ्यांनी बघितलेली माणसं. बिचाऱ्यांची अशी समजूत आहे, की आपल्याकडे सर लोक संध्याकाळी खिडकीत बसून एकेका विद्यार्थ्याचा विचार करतात.

मी राहते वर्तकनगरला. पप्पा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, आता रिटायर झालेत. मी त्याच वागळे इस्टेटमध्ये, त्यांच्या जुन्या कंपनीपासून तीन गल्ल्या सोडून, तापाच्या टेस्ट किट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागलेले. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी कल्याणच्या कॉलेजातून. व्हायरॉलॉजी आणि इम्युनॉलॉजीच्या पीएचडीसाठी आधी दोन वर्षं अर्ज केलेले, दोन्ही वर्षं सगळीकडून अत्यंत गोड भाषेत नकार आलेला. अर्जांची संख्या एवढी प्रचंड आणि उमेदवार एवढे गुणी, की वगैरे वगैरे. तिसरी वेळ शेवटची, असं घरात ठरलेलं. बिल्डिंगमधल्या काकूंनी तर आधीच निकाल लावलेला. म्हणाल्या, "अगं, विषाणूंवर अजून काय शिकायचंय? सगळ्यांना होऊन गेला ना तो."

घरात आईला मी घरी असले तरी चालणार होतं, गेले तरी चालणार होतं. प्रश्न पप्पांचा होता. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण तो थेट यायचा नाही, सरांच्या मार्फत यायचा. शाळेत नव्वद टक्के पडले तरी प्रश्न एकच, "सर काय म्हणाले?" सर काही म्हणालेले नसायचे. सरांच्या वर्गात साठ पोरं होती. मग पप्पा मार्कशीट परत घडी घालून ठेवायचे आणि म्हणायचे, "बरं." त्या "बरं"चा मला लहानपणापासून राग आहे. मला पीएचडी हवी होतीच, खोटं कशाला बोलू. पण कुणीतरी मोठ्या माणसाने एकदा पप्पांना तोंडावर सांगावं की तुमची पोरगी खरंच चांगली आहे, हे त्याहून जास्त हवं होतं.

आधीच्या दोन्ही वर्षी मी कॉलेजची छापील सर्टिफिकेटं लावून भागवलेलं. तर या वेळी पहिली मी गेले कल्याणला, आमच्या विभागप्रमुख सरांकडे. दोन वर्षं यांच्या समोरच्या बाकावर बसलेली मी. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "अगं तू... हो हो, आठवलं." काय आठवलं ते सांगितलं नाही. मी पत्राचं बोलले. सर प्रसन्न हसले. "त्यात काय एवढं? तूच लिहून आण, मी सही करतो. चांगलं लिही हां." जसं काही मीच स्वतःबद्दल हात आखडता घेणार होते.

कंपनीतले साहेब त्याहून सुटसुटीत. "तूच ड्राफ्ट कर. लेटरहेड रिसेप्शनला आहे."

तिसऱ्या मॅडम मुंबईतल्या एका संस्थेतल्या, ज्यांच्याकडे मी उन्हाळ्यात दोन महिने काम केलेलं. त्या म्हणाल्या, "छे, मी स्वतः लिहीन, तत्त्वाचा प्रश्न आहे." मला गहिवरून आलं. मॅडमनी खरंच स्वतः लिहिलं आणि चुकून मलाही मेलमध्ये ठेवलं. दोन ओळी होत्या. ही मुलगी आमच्याकडे दोन महिने होती. तिची उपस्थिती नियमित होती. संपलं. तीन पत्रांतलं एकुलतं एक अस्सल पत्र हे असं. तत्त्व म्हणतात ते हेच असावं.

म्हणजे सगळा भार उरलेल्या दोघांवर, म्हणजे माझ्यावर. साहेबांचं पत्र मी एका दुपारी उरकलं. साहेब बोलतात तसंच लिहिलं, टार्गेट, क्वालिटी, टीम, टार्गेट. सरांच्या पत्राला मात्र आठ दिवस लागले. प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक असं लिहून झालं, वाचलं आणि मलाच जांभई आली. आज्ञाधारक या शब्दावर तर मी जास्तच वेळ अडकले. घरकामाला बाई ठेवताना विचारतात तसा शब्द. तो खोडला. मग कष्टाळूही खोडलं. खोडता खोडता कागदावर माझं नाव आणि सरांचं पद एवढंच उरलं.

आणि मग मला एमएस्सीच्या दिवाळीची ती बाटली आठवली.

विषाणू जिवंत पेशीशिवाय वाढत नाही, म्हणून आम्ही आधी पेशी वाढवायचो. चपट्या प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये, उबदार कपाटात, लहान बाळासारखं त्यांचं खाणंपिणं बदलत. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची वीज गेली आणि कपाट दोन दिवस गार पडलं. सुट्टी संपवून आम्ही आलो तर सगळ्यांच्या पेशी तळ सोडून वर तरंगत होत्या. तरंगल्या म्हणजे मेल्या, असा साधा हिशोब. सर दारातूनच म्हणाले, "टाकून द्या सगळं. नवीन लावा." बाकीच्यांनी टाकलं. मी सूक्ष्मदर्शकाखाली बाटली इंच इंच फिरवत बसले आणि एका कोपऱ्यात, अगदी कडेला, पेशींचा एक बारीकसा ठिपका अजून तळाला धरून बसलेला दिसला. मी त्या ठिपक्याला अकरा दिवस सांभाळलं. बाराव्या दिवशी बाटली भरली. सरांना दाखवायला नेली तेव्हा ते मीटिंगला निघालेले. म्हणाले, "छान. सबमिशन वेळेत द्या."

मी ते सगळं सरांच्या आवाजात लिहिलं. आणि लिहिताना हात इतका सुटला, की शेवटी लिहिलं, "मी तिला ते फेकून द्यायला सांगितलं होतं. मी न बघताच सांगितलं होतं. तिने बघितलं. माझं चुकलं."

लिहिलं आणि घाम फुटला. पण काढलं नाही. म्हटलं, सर वाचतील, भडकतील, निदान एकदा तरी माझ्याबद्दल काहीतरी वाचतील. कल्याणला गेले. सर फोनवर बोलत होते. त्यांनी फोन खांद्याला धरला, पहिलं पान उलटलं, दुसऱ्या पानाच्या तळाला झोकात सही केली आणि अंगठा वर करून दाखवला. मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि मला हसू येत होतं की रडू ते मलाच कळेना.

पुढची गंमत अशी, की पत्र विद्यापीठाच्या साइटवर सरांनी स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवरून चढवायचं असतं, म्हणजे त्यात उमेदवाराचा हात लागत नाही. सरांच्या ईमेलचा पासवर्ड फक्त ऑफिसातल्या क्लार्कना माहीत. त्यांचा मला फोन आला. "ताई, इथे गोल आलेत. ही विद्यार्थिनी सर्वोत्तम एक टक्क्यात, पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? कुठला गोल काळा करू?" मी म्हटलं, सरांना विचारा. ते म्हणाले, "सर म्हणतात ताईंना विचारा." मी पाच टक्के सांगितले. एक टक्का सांगायला जीभ रेटेना, संस्कार आडवे आले. ते म्हणाले, "एक करतो ताई, आपल्याच माणसाचं काम आहे." त्या अख्ख्या कॉलेजात मला सर्वोत्तम ठरवणारा माणूस तेवढा एकच, आणि त्यांनी माझं काम कधी पाहिलेलं नव्हतं.

आणि माझ्याकडून काय लिहून घेतलं माहितीये? की ही पत्रं गोपनीय आहेत आणि ती कधीही वाचण्याचा माझा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे. मी सोडला. मीच लिहिलेली पत्रं आयुष्यात कधी वाचणार नाही, असं मी सात विद्यापीठांना वचन दिलं.

सातातून सहा नकार आले. सातव्याने मुलाखतीला बोलावलं. पडद्यावर तीन प्राध्यापक, त्यातल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई. माझं काम, पेशी, विषाणू, सगळं विचारून झाल्यावर बाई म्हणाल्या, "तुमच्या सरांचं पत्र आम्हाला फार आवडलं. स्वतःची चूक लिहिणारा गुरू आम्ही फारसा पाहिलेला नाही. तुम्ही भाग्यवान आहात." मी म्हटलं, हो, आहे. अजून काय म्हणणार? तीन आठवड्यांनी प्रवेश मिळाल्याचा मेल आला. आई रडली, बिल्डिंगमध्ये पेढे गेले. पप्पा मेल दोनदा वाचून म्हणाले, "बरं." आणि मग तो प्रश्न आलाच. मी सांगून टाकलं, सरांचं पत्र तिकडच्यांना फार आवडलं.

झालं. पप्पांनी हे डोक्यातच घेतलं. आमच्या विहाराचा गुणगौरव समारंभ दर वर्षी असतो, पोरांना सर्टिफिकेट आणि पुस्तक देतात. पप्पा कमिटीवर. यंदाचे प्रमुख पाहुणे कोण? माझे सर. मी म्हटलं, "पप्पा, कशाला? लांबून यायचं त्यांना." पप्पा म्हणाले, "ज्या माणसाने पोरीसाठी एवढं लिहिलं त्याला बोलवायचं नाही?"

सर आले, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. फाइलमध्ये ते पत्र, क्लार्ककडून काढून आणलेलं. आणि रविवारी सकाळी, भरल्या हॉलमध्ये, सरांनी माझं पत्र आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. मोठ्याने. एक ओळ इंग्रजीत, मग तिचं मराठी. पहिल्या पानावर जरा अडखळले, मग सूर लागला. बाटलीपाशी आले तेव्हा त्यांनाच उत्सुकता वाटायला लागली, पुढे काय होतंय याची. आई पदराने डोळे पुसत होती. आणि सर त्या ओळीवर आले. "मी न बघताच सांगितलं होतं." थांबले. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एक क्षणभर वाटलं, आता फुटणार सगळं.

कसलं फुटतंय! सरांनी चष्मा काढला, आवाज खाली आणला आणि पत्रावरचं बोट न हलवता म्हणाले, "माझं चुकलं." हॉलने टाळ्या वाजवल्या. एवढा मोठा माणूस आणि एवढा नम्र! मागच्या रांगेतले काका उठून वाजवत होते. चूकही माझ्या लेखणीतून त्यांना फुकट मिळाली आणि मोठेपणही.

मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. नाही उठले. खरं सांगायचं तर मी सरांकडे बघतच नव्हते, मी पप्पांकडे बघत होते. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो चेहरा समोर होता. मान ताठ, डोळे भरलेले, ओठ हलत होते, बहुतेक ती ओळ पाठ करत होते. मला ते सोडवेना. अजून थोडा वेळ, अजून थोडा वेळ, असं करत मी बसून राहिले.

आमच्या घरात माणसांच्या पाया पडत नाहीत. माझ्या आजोबांना एके काळी गावात वाकावं लागायचं, म्हणून पप्पांनी आम्हा भावंडांना उभ्याने, हात जोडून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून नमस्कार करायला शिकवलं. कंपनीच्या मालकासमोर ते असेच उभे राहायचे. लग्नात सासऱ्यांच्याही पाया पडले नाहीत, आई अजून ते ऐकवते. तेच पप्पा खुर्चीतून उठले, स्टेजवर गेले आणि साठी ओलांडलेला माझा बाप त्या पंचेचाळिशीच्या माणसासमोर वाकला. सर "अहो, अहो" म्हणाले. हात मात्र आशीर्वादाला वर गेला.

घरी चालत निघालो तेव्हा आई पुढे बायकांबरोबर होती. पप्पांनी सरांकडून पत्र मागून घेतलेलं, शर्टाच्या खिशात ठेवलेलं, आणि म्हणत होते, फ्रेम करू. मला राहवेना.

"पप्पा, ते मी लिहिलंय."

"काय?"

"पत्र. सरांनी फक्त सही केली. वाचलंही नव्हतं. आज पहिल्यांदा वाचलं त्यांनी."

पप्पा थांबले. "सगळं तू लिहिलं?"

"हो."

"बाटलीचं?"

"ते खरं आहे पप्पा. सगळं खरं आहे. फक्त लिहिलं मी."

"आणि चुकलं म्हणाले ते?"

"तेपण मीच."

मला वाटलं रागावतील, नाहीतर हसतील. पप्पांनी खिशातून पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"आधी सांगायचं होतंस गं," ते म्हणाले. "मी वाकलो नसतो."