आयरिश बाईचं तुटलेलं सूत

भूतखेत, करणी, नजर... यातलं काहीही मी मानत नाही, आजही नाही. पटलं नाही तर खुशाल सोडून द्या, मलाच अजून पुरतं पटलेलं नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी चित्रकला शिकवायचे. मुंबईच्या एका संग्रहालयाने आयर्लंडची काही चित्रं आम्हाला प्रदर्शनासाठी दिली होती आणि त्यांची सगळी जबाबदारी माझ्यावर. त्यातलं एक माझं फार लाडकं — झोपडीच्या दाराशी चरख्यावर सूत कातणारी म्हातारी.

शेवटच्या दिवशी सकाळी हॉल उघडला आणि पाहते तर चाकापासून तिच्या हातापर्यंत जाणारा धागा मधेच तुटलेला. रंग कुठे खरवडलेला नाही, पोपडा उडालेला नाही. तुटलेलं टोक चक्क खाली लोंबत होतं. चौकीदाराला बोलावलं, त्यालाही तेच दिसलं. दुपारी संग्रहालयाचे साहेब चित्रं न्यायला येणार होते. मी तिथेच रडायला लागले. नोकरी तर जाणारच, वर चित्र बिघडवल्याचा ठपका...

तेवढ्यात सेलूहून आत्या आली. प्रदर्शन बघायला मीच बोलावलं होतं. रोज सूत कातल्याशिवाय ती जेवायची नाही.

"काऊन वं, रडून राह्यली?"

मी नुसतं बोट दाखवलं.

"सूत तुटलं तिचं. जोडून देऊ काय?"

"आत्या, हात नको लावजो त्याले."

"नाई लावत, बाई." चित्रापासून चांगली हातभर लांब उभी राहून तिने हवेतच दोन टोकं चिमटीत धरल्यासारखं केलं, पीळ दिला आणि "झालं" म्हणाली. मला असा संताप आला — इथे माझ्या पोटावर पाय येतोय आणि हिला खेळ सुचतोय! चित्राकडे न बघताच मी तिला कँटीनमध्ये चहाला नेऊन बसवलं.

साहेब आले. चित्र खिडकीशी नेऊन त्यांनी भिंगातून पाहिलं.

"छान सांभाळलंत हो," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. धागा सलग होता. मधे फक्त एक जाडसर जागा, सूत जोडलं की येते तशी.

"ही जागा..." मी चाचरत म्हटलं.

"तीच तर गंमत आहे या चित्राची. मी दरवेळी आधी तीच बघतो."

त्या चित्रासमोर मी मुलींचे वर्ग घेतले होते. अशी जागा तिथे नव्हती, शपथेवर सांगते. पण छातीवरचा धोंडा उतरला होता, वाद कशाला घालू?

कँटीनमध्ये आत्या बशीत चहा ओतून पीत होती. मी काही सांगायच्या आतच म्हणाली, "जरा जाडच आलं वं सूत. हवेत बारीक नाई जमत."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. हे कसं झालं ते आजही सांगता येत नाही. नोकरी मात्र रिटायर होईपर्यंत टिकली.